सड्यावरचा एच

फोन आला तेव्हा मी साकवाच्या कामावर होते. स्लॅबचं काँक्रीट चालू होतं, मिक्सरच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं. उपअभियंता साहेब ओरडून सांगत होते, "मॅडम, सोमवारी मंत्री येताहेत. जेट्टीचं भूमिपूजन. हेलिकॉप्टरने येणार. तुमच्या सेक्शनमध्ये जागा बघा." मला वाटलं जागा म्हणजे गाड्या लावायची. संध्याकाळी ऑफिसात गेल्यावर कळलं की जागा म्हणजे हेलिपॅड, आणि ते करायचं आमच्या खात्याने. हातात गुरुवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता. उत्तर रत्नागिरीतला हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूचा किनारा माझ्याकडे. मोऱ्या, साकव, खड्डे, दरडी, शाळेची गळकी छपरं यांत नोकरीची सात वर्षं गेली. हेलिकॉप्टर त्याआधी पाहिलं होतं ते डोक्यावरून जाताना. महाडला 3 मे 2024 ला प्रचारासाठी आलेलं हेलिकॉप्टर उतरता उतरता कलंडलं, त्याचा व्हिडिओ मात्र इतरांसारखा मीही दहादा बघितला होता. ज्यांना न्यायला ते आलं होतं त्या खालीच उभ्या होत्या, पायलटही वाचले. ही गोष्ट त्याच्या पुढच्या जानेवारीतली.

साहेबांनी जुनी फाइल काढून दिली. आधीच्या तीन दौऱ्यांचे तीन दाखले. तिन्हींत तेच वाक्य, स्वल्पविरामासकट: "सदर हेलिपॅड हेलिकॉप्टर उतरण्यास व उड्डाणास सुस्थितीत व सुरक्षित असून आजूबाजूस कोणताही अडथळा नाही." खाली कार्यकारी अभियंत्यांची सही, डावीकडे कोपऱ्यात बारीक अक्षरात "जागेवर तपासले" आणि त्या त्या वेळच्या शाखा अभियंत्याची आद्याक्षरं. म्हणजे आता माझी.

मी विचारलं, "सर, विमान खातं केंद्राचं ना? त्यांचं कोणी बघायला येत नाही?"

साहेब खात्याच्या परीक्षेचे पेपर तपासणाऱ्यांतले, त्यांना असले प्रश्न आवडतात. म्हणाले, विमानं आणि हवाई वाहतूक संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राकडे, 29वी नोंद. यंत्राचा परवाना, पायलटचा परवाना, कंपनीचा परवाना दिल्लीचं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं महासंचालनालय, देणार. अपघात झाला तर चौकशीही केंद्राचा ब्यूरो करणार. नव्वद वर्षांपूर्वीचा, 1934 चा विमान कायदा जाऊन नवा भारतीय वायुयान अधिनियम याच 1 जानेवारीपासून लागू झालाय, पण हा हिशेब तसाच आहे. राज्याचं स्वतःचं हेलिकॉप्टर असलं तरी ते डीजीसीएच्याच नियमाने उडतं. मग राज्याकडे काय? जिल्हाधिकारी, पोलीस, अग्निशमन, डॉक्टर आणि आपण. "आकाश केंद्राचं, जमीन राज्याची," साहेब म्हणाले, "आणि मधले पहिले शंभर फूट कोणाचे ते कुठेच लिहिलेलं नाही. ते तुमचे समजा."

मी हसले. दोन दिवसांनी ते वाक्य आठवून झोप उडाली, ते पुढे सांगते.

जागा शोधणं सोपं गेलं. गावाच्या वर सडा आहे. ज्यांनी कोकणातला सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी: जांभ्याचं उघडं पठार. पावसात फुलांनी भरतं, जानेवारीत काळपट तपकिरी कातळ आणि गुडघाभर वाळकं गवत. पश्चिमेला कडा आणि खाली समुद्र, पूर्वेला उतार, त्यात एक घळ आणि घळीला लागून हापूसची बाग. शाळेचं मैदान जवळ होतं, पण त्याला तीन बाजूंनी माड आणि चौथ्या बाजूला पाण्याची टाकी. सडाच बरा.

पहिली चूक मी मुरमाची करणार होते. सवयीने दोन डंपर मुरूम टाकून रोलर फिरवायचा अंदाज काढला. मुकादम म्हणाला, "बाई, कातळावर मुरूम कशाला? पंख्याने उडणार तो सगळा." त्याचं बरोबर होतं. कातळाला धूळ नसते. धूळ आपण आणून टाकतो आणि मग ती बसवायला टँकर मागवतो. महाडच्या व्हिडिओतला धुळीचा लोट डोळ्यासमोर आला. मुरूम रद्द केला. त्याऐवजी गावातल्या बारा बायका लावून गवत कापलं, जांभ्याचे सुटे खडे वेचले आणि खराट्याने तीस बाय तीस मीटर कातळ अंगणासारखा झाडून काढला. कापलेलं गवत लांब नेऊन टाकलं. वाळकं गवत, गरम इंजिन आणि सड्यावरचा वारा हे त्रिकूट मला नको होतं.

मग एच, म्हणजे पायलटला वरून दिसणारी हेलिपॅडची खूण. तीन मीटर उंच, एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद, पट्टा चाळीस सेंटिमीटरचा. हे माप ठरलेलं आहे. मागच्या वेळी कोणीतरी शाळेच्या क्रीडास्पर्धेसारखी फक्की मारली होती आणि हेलिकॉप्टर खाली येताच अर्धा एच उडून स्वागताला उभ्या असलेल्या मंडळींच्या जाकिटांवर बसला होता. ही गोष्ट तालुक्यात अजून सांगतात. आम्ही चुन्याच्या निवळीत फेविकॉल कालवून ब्रशने दोन हात दिले. बाहेरून वर्तुळ. मुकादमाने मधोमध खिळा ठोकून सुतळीने ते इतकं गोल काढलं की मला माझी कंपास आठवली.

विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, तालुक्यात नव्हता. माप मिळालं: लांबी दोन मीटर चाळीस, तोंड साठ सेंटिमीटर, शेपूट तीस. गावातल्या शिंप्याकडे गेले. तो पडदे आणि शाळेचे गणवेश शिवतो. कापड बघत असताना तिथे बसलेला एक म्हातारा दालदी, म्हणजे मासेमार, म्हणाला, "ही तर डोल." डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी लावतात ते पिशवीसारखं जाळं, तोंडाला रुंद, मागे निमुळतं होत जाणारं. तोंड प्रवाहाकडे, शेपूट प्रवाहाबरोबर. मला आयुष्यात विंडसॉक इतक्या चटकन कोणी समजावला नसता. नारिंगी-पांढरा, पाच पट्ट्यांचा सॉक शुक्रवारी रात्री तयार झाला आणि शनिवारी सकाळी बल्लीवर चढला.

अक्षांश-रेखांशाचं प्रकरण तर अजून आठवलं की पोटात गोळा येतो. मी फोनवरून बघून वहीत लिहिलं होतं, 17 अंश 48 मिनिटं उत्तर, 73 अंश 6 मिनिटं पूर्व. ऑफिसातल्या ऑपरेटरने टाइप करताना ते 17.48 आणि 73.06 केलं. दिसायला तेच. हेलिकॉप्टर कंपनीच्या माणसाचा फोन आला: "मॅडम, हे दशांशात आहे की अंश-मिनिटांत?" मी म्हटलं, त्याने काय फरक पडतो? तो थंडपणे म्हणाला, "टाकून बघा." टाकलं. फोनवरचं ठिकाण पस्तीस किलोमीटर दक्षिणेला सरकून गुहागरसमोर भर समुद्रात जाऊन बसलं. 48 मिनिटं म्हणजे 0.80 अंश, हे मी सर्व्हेइंगच्या पहिल्या वर्षी शिकले होते. सुधारित पत्र तासाभरात गेलं, दशांश, अंश-मिनिटं आणि अंश-मिनिटं-सेकंद अशा तिन्ही पद्धतींनी लिहून, सोबत गुगलच्या नकाशाचा प्रिंट जोडून. पायलटला दिवसाउजेडी चूक कळली असतीच. पण चूक कळल्यावर शोधाशोध करायला इंधन जातं, आणि आमच्या किनाऱ्यावर ते भरायची सोय नाही.

आता अडथळे. इथे मी मेहनत केली होती आणि ती चुकीच्या बाजूला केली होती.

दौऱ्याच्या कार्यक्रमात आगमन 10:20 ला. हेलिकॉप्टर शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, एवढं मी विचारून घेतलं होतं. शनिवारी सकाळी साडेदहाला सड्यावर उभी राहिले तेव्हा सॉक समुद्राकडे शेपूट करून लोंबत होता, म्हणजे वारा जमिनीकडून. त्यामुळे हेलिकॉप्टर समुद्रावरून येणार, पूर्वेकडे तोंड करून. मी पश्चिम बाजू कोळून प्यायले. कड्यावरची सुरूची सात झाडं मोजली, उंची काढली, दोन छाटून घेतली. मोबाइलचा टॉवर किती लांब, किती उंच, ते नकाशावर मांडलं. एका बंगल्याच्या गच्चीवरचा सोलरचा सांगाडासुद्धा सोडला नाही. पूर्वेला नजर टाकली, आंबे आणि काजू दिसले, "झाडे, उंची सुमारे 6 मीटर" असं लिहून मोकळी झाले.

दुपारी डबा खाताना मुकादम म्हणाला, "नेता कधी वेळेवर आलाय?"

मी म्हटलं, उशीर झाला तर झाला, हेलिपॅड कुठे पळून जातंय?

"हेलिपॅड नाय पळत. वारा पळतो." त्याने भाकरीचा तुकडा धरलेल्या हातानेच सॉक दाखवला. सॉकची शेपटी आता बागेकडे होती, फुगून ताठ. सकाळची जमिनीकडून वाहणारी मतलई संपून समुद्रावरचा खारा वारा सुरू झाला होता. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट. होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडतात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण ती मासेमारीची गोष्ट होती, दाखल्याची नव्हती. मंत्री बारानंतर आले तर हेलिकॉप्टर पूर्वेकडून येणार होतं, बागेवरून, आणि त्या बाजूला मी एक ओळ लिहिली होती.

डबा तसाच ठेवून उतरलो. दगडी कुंपणाचा गडगा ओलांडून घळीच्या तोंडाशी गेलो तर दोन टेकाडांवर दोन खांब. एक ऐनाच्या झाडाला इतका चिकटून की फांदीच वाटावा. सड्यावरून मला तो दिसला नव्हता. आणि दोन खांबांच्या मध्ये, घळीवरून आरपार, दोन तारा. तारा मला खांबाखाली उभं राहूनही आधी दिसल्या नाहीत. मुकादमाने बोट केलं, मी डोळे बारीक केले, तेव्हा आभाळात एक पुसट रेघ. ॲल्युमिनियम जुनं झालं की आभाळाच्याच रंगाचं होतं.

निलंगा आठवलं. 25 मे 2017, तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाण करताच खाली आलं आणि विजेच्या तारांत अडकून वस्तीत पडलं. ते राज्य सरकारचंच हेलिकॉप्टर होतं. सगळे वाचले. नंतर अनेक कारणांची चर्चा झाली, पण आमच्या खात्यातल्या माणसाला त्यातला एकच शब्द लक्षात राहतो: तारा. माझ्या हातातल्या मसुद्यात लिहिलेलं होतं, "आजूबाजूस कोणताही अडथळा नाही."

बागवाल्या काकांनी खुलासा केला. ही लाइन त्यांच्या विहिरीच्या पंपाची. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, पुढचे चार खांब आडवे झाले. महिनाभर गाव अंधारात होतं. नंतर नवी लाइन रस्त्याच्या कडेने आली, पंप तिच्यावर जोडला, आणि हा मधला तुकडा तसाच लोंबत राहिला. "मेलेली लाइन आहे ती," काका म्हणाले. मेलेली असो की जिवंत, पंख्याला फरक पडत नाही.

मग ती काढायची खटपट. वीज कंपनीच्या अभियंत्याला फोन केला. तो भला माणूस, शनिवार असून लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, मॅडम, आमच्या नकाशात तिथे लाइनच नाही. म्हटलं, मी खाली उभी आहे. तो म्हणाला, तुम्ही असाल, पण जी लाइन कागदावर नाही ती काढायचा आदेश मी कसा काढू? पत्र द्या. पत्र दिलं. खर्च कोणत्या हेडखाली, असं उलट विचारणं आलं. निघालेल्या तारेचा पंचनामा कोण करणार, हेही आलं. शनिवार संपला. रविवारी नियोजनाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा मंडपवाला, पोलीस निरीक्षक, गुलाबाच्या हारांचा हिशेब करणारे असे पंधरा लोक माझ्याकडे बघायला लागले. तहसीलदारांनी वीज कंपनीच्या साहेबांना विचारलं, "लाइन कागदावर नाही म्हणता?" "नाही." "मग ती काढल्याबद्दल तुम्हाला विचारणार कोण?"

रविवारी दुपारी चारला वायरमन आले. मेलेली म्हटली तरी त्यांनी आधी तपासली, अर्थिंग लावलं, मगच चढले. तारा पाऊण तासात खाली आल्या. त्या पाऊण तासासाठी दीड दिवस गेला होता.

काकांची तक्रार मात्र तारेची नव्हतीच. जानेवारी म्हणजे मोहोर. "पंख्याच्या वाऱ्याने मोहोर झडला तर भरपाई कोण देणार?" ते माझ्याबरोबर घळीपासून सड्यापर्यंत चालत आले आणि एचपासून पहिल्या कलमापर्यंत पावलं मोजली. एकशे सत्तर. मी त्यांना खात्री देऊ शकले नाही. कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं, त्याने बाग टाळून जरा उत्तरेकडून यायला पायलटला सांगतो म्हटलं. दाखल्याच्या नकाशावर मी बागेभोवती हिरवी रेघ मारून "मोहोर" असं लिहिलं. साहेबांनी ते बघितलं, भुवया वर केल्या, पण खोडलं नाही. पूर्वेच्या बाजूला "दोन खांब, तारा काढल्या" हेही लिहिलं. सहीला कार्यकारी अभियंत्यांकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी हो म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं. मग सही केली.

सोमवारी सकाळी नऊपासून आम्ही सड्यावर. श्वानपथक येऊन गेलं. अग्निशमनची गाडी चढ चढताना तापली, तिच्या रेडिएटरला मंडपातलं बिसलेरी पाजलं. डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलिसांचा दोर. एका हवालदाराला मी तीनदा सांगितलं की शेपटीकडे कोणी जाता कामा नये, शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही. त्याने तिसऱ्यांदा "होय बाई, दिसत नाय, कळलं," असं म्हटलं. गडग्यावर शाळेची पोरं ओळीने बसली होती. स्वागताची शाल कोणीतरी टेबलावर मोकळी ठेवली होती, ती उचलून गाडीत टाकली. ताडपत्री होती ती दगडाखाली. रिकामे चहाचे कप दोनदा वेचले.

10:20 झाले. 11 झाले. साडेअकराला सॉक हलला, एकदा गोल फिरला, लोंबला आणि मग हळूहळू बागेकडे शेपूट करून भरला. मुकादमाने माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

1:40 ला आवाज आला. उडवीतला पेंढा आणून ठेवला होता, त्यावर ओला पाला टाकून धूर केला, तोही सॉकसारखाच पूर्वेकडे वाकला. हेलिकॉप्टर घळीच्या वरच्या अंगाने खाली यायला लागलं, बागेला उत्तरेकडून वळसा घालून, अगदी ठरल्यासारखं. आणि एकदम नाक वर करून निघून गेलं. समुद्रावर जाऊन मोठा फेरा घेतला. तहसीलदार म्हणाले, "काय झालं हो?" सगळे माझ्याकडे बघत होते, जसं काही मीच चालवत होते. त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात पूर्ण नकाशा परत काढला. दुसऱ्या फेऱ्याला ते आलं, तरंगलं, एचच्या दीड फूट डावीकडे टेकलं. कातळ होता तसा राहिला. कोणाची तरी टोपी उडाली, पोरं ओरडली, एवढंच.

मंत्री खाली जेट्टीकडे गेल्यावर पायलट पाणी प्यायला आमच्या गाडीपाशी आले. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत होते. मी विचारलं की पहिल्यांदा वर का गेलात. त्यांनी पूर्वेकडे हात केला. "खांब दिसले. तार नाही दिसली."

"तार आम्ही काल काढली. दाखल्यात लिहिलंय."

"मी वाचलं होतं," ते म्हणाले. "पण तार तशीही दिसत नसतेच. आम्ही खांब बघतो, आणि खांब दिसला की तार आहे असंच धरतो. म्हणून जवळून जाऊन बघितलं आणि परत आलो." मग म्हणाले, पुढच्या वेळी तार काढली तर खांबही काढा, नाहीतर त्यांच्यावर काहीतरी मोठं लाल बांधा. मी वहीत लिहून घेतलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण लगेच म्हणाले की जागा चांगली आहे, धूळ नाही. मी ते मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "मुरूम टाकला असता तर?"

परतीचं घड्याळ पायलटच्या हातात होतं. नियमाने सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे असं नजरेच्या भरवशावर उडता येत नाही, आणि त्यांना सहाच्या आत जुहूला टेकायचं होतं. साडेचारला त्यांनी निरोप पाठवला, पावणेपाचला दुसरा. भाषण थांबलं. कलेक्टरपासून कार्यकर्त्यांपर्यंत कोणालाही जे जमत नाही ते त्या दोन निरोपांनी झालं. पाचच्या आत ते खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, कड्यावरून, समुद्राकडे उडालं. मी छाटलेल्या सुरूंच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले. मला वाटलं मोहोर. मोहोर शाबूत होता. त्यांना ती तार हवी होती, बागेच्या कुंपणाला. मी वीज कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की अशी कुठली तार त्यांच्या नोंदीत निघालेली नाही. खांब अजून तिथेच आहेत. त्यांच्यासाठी मी खात्यातर्फे तीन पत्रं पाठवली आहेत. तोवर दोन्ही खांबांना मुकादमाने शिंप्याकडच्या उरलेल्या नारिंगी कापडाच्या पट्ट्या बांधल्या आहेत. एक पट्टी पावसात गेली, ती परवा नवी बांधली.